बारा कोंबड्या, फ्लॅट नंबर तीनशे चार

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा चपला काढायच्या आधी एकच गोष्ट विचारतो. "तुमच्या सोसायटीत कोंबड्या पाळायला परवानगी आहे का हो?"

चूक त्याची नसते. खाली लिफ्टची वाट बघताना त्यानं फळा वाचलेला असतो. शाळेत असतो तसा काळा फळा. वर ठळक अक्षरात ‘आजचा धूर’. त्याखाली ‘इमारत : चार म्हशी’. त्याखाली ‘मानाचे तीन’, आणि मग फ्लॅटचे नंबर. पाचशे एक, नऊ कोंबड्या. अकराशे तीन, आठ कोंबड्या. सगळ्यात खाली झोकदार सही, सा. झिराडकर.

अकराशे तीन म्हणजे आम्ही. पाहुण्याला हे दारावरचा नंबर बघून कळतं, आणि मग तो आमच्या सोफ्यावर जरा जपून बसतो.

सा. झिराडकर म्हणजे सालोमनकाका. वय बहात्तर, अंगानं काटकुळे, पायात वर्षाचे बारा महिने कॅनव्हासचे बूट. पूर्वज अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवणारे. काका स्वतः जुन्या पनवेलात वाढले, आणि नोकरीची तेहतीस वर्षं त्यांनी उरणच्या बाजूला गॅसच्या एका कारखान्यात काढली. तिथे त्यांचं काम एकच. चिमणीतून काय गेलं आणि किती गेलं ते दर तासाला लिहायचं. निवृत्त झाल्यावर इतर लोक बागकाम करतात, भजनी मंडळात जातात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. काकांना सून नव्हती. कारखान्याची चिमणी सुटली, तशी त्यांना आमची इमारत सापडली.

"सेक्रेटरी," ते मला म्हणाले होते, "पळस्पे फाट्याला गाड्या अडकतात त्यांचा धूर दिसतो. लोक नाकाला रुमाल लावतात. आपली ही चौदा मजली बया उभ्या उभ्या धूर सोडते, तो दिसत नाही. कारण बटण आपण इथे दाबतो आणि कोळसा जळतो तिकडे लांब. दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही."

मला सेक्रेटरी म्हणतात कारण मी आहे. वार्षिक सभा चालू असताना मी कुणाची तरी वाट अडवणारी माझी गाडी हलवायला गेलो होतो. परत आलो तर टाळ्या वाजत होत्या.

आमच्या सोसायटीचं नाव सागरछाया. सागर उरणला आहे आणि छाया कुठेच नाही. विचुंब्याच्या बाजूला, जिथे पूर्वी भातशेती होती, तिथे एकशे बारा फ्लॅटांचा हा ठोकळा उभा आहे. काका रोज सकाळी सहा वाजता बॅटरी घेऊन मीटररूममध्ये शिरायचे. एकशे बारा विजेचे मीटर, पाइप गॅसचे आकडे, लिफ्ट, पाण्याचा पंप, जनरेटरमध्ये गेलेलं डिझेल, सगळं वहीत. मग दुपारभर गुणाकार. आणि संध्याकाळी सातच्या ठोक्याला फळा. ती वहीसुद्धा फळ्याच्या खिळ्याला सुतळीनं लटकवलेली असायची. ज्याला शंका असेल त्यानं आपला आकडा तपासावा.

सुरुवातीला फळ्यावर किलो असायचे. ‘इमारतीनं आज बावीसशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडला.’ लोक ते आकाशवाणीवरच्या किमान तापमानासारखं वाचायचे आणि लिफ्टमध्ये चढायचे. मग एकदा आमचे चेअरमन म्हात्रेशेठ फळ्यापाशी थांबले. इमारत ज्या शेतावर उभी आहे ते शेत त्यांच्या वडिलांचं. शेठना त्या बदल्यात सहा फ्लॅट आणि तहहयात चेअरमनपद मिळालेलं आहे.

"किलो म्हंजे काय, काका? हवेला कुटं वजन असतं?"

काकांनी उलट विचारलं, "शेठ, तुमच्या घरी म्हैस होती ना? वजन किती असेल तिचं?"

"असंल चारशे, साडेचारशे किलो. बापानं गुजरातेतून आनली होती," शेठ कौतुकानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाच म्हशी आल्या. म्हणजे पाच म्हशींच्या वजनाचा वायू. एकेका घराला म्हैस फार मोठी पडत होती, म्हणून घरासाठी कोंबडी ठरली. दोन किलोची, गावठी. ब्रॉयलर काकांना मान्य नव्हती, तिचं वजन खरं नसतं म्हणे.

त्या दिवसापासून इमारतीत कुणी फळा न वाचता वर गेला नाही. सगळ्यात आधी म्हात्रेशेठच पेटले. पाचशे एक त्यांचा.

"नऊ कोंबड्या? अवो, एवड्या आमी गटारीला पन खात नाय."

"खाल्ल्या असत्या तर पोटात राहिल्या असत्या, शेठ," काका म्हणाले. "या वर जातात, आणि पुन्हा उतरत नाहीत. तुमचं वैयक्तिक काही नाही. आकडा आहे."

‘वैयक्तिक काही नाही, आकडा आहे’ हे काकांचं पालुपद. हे म्हणत ते कुणाच्याही घरात शिरायचे. मानाच्या तिनात ज्याचं नाव सलग सहा दिवस येईल, त्याच्याकडे काकांची फेरी ठरलेली. चहा घेणार नाहीत. सरळ स्वयंपाकघरात. फ्रीजच्या दारात कागदाचा कपटा अडकवायचा, दार लावायचं आणि कपटा ओढायचा. सहज निघाला तर रबर गेलं. मग फ्रीजच्या मागे हात घालून तो किती तापलाय बघायचं, आणि आईनं मुलाच्या कपाळाला हात लावल्यावर करावा तसा चेहरा करायचा.

आमच्याकडे ते आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी एसी अठरावर लावून, ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून पडलो होतो. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

"सेक्रेटरी, थंडी विकत घेता आणि ती वाजू नये म्हणून ब्लँकेटही विकत घेता?"

मी म्हणालो की मंजिरीला उकडतं. मंजिरी म्हणजे माझी बायको. ती दारातूनच म्हणाली, "काका, मी बाहेर पंख्याखाली भाजी निवडतेय. आत फक्त हेच असतात."

त्यानंतर आमच्या घरात भाषाच बदलली. मी आंघोळीला वेळ लावला की बाहेरून आवाज यायचा, "अहो, दुसरी कोंबडी उठली." मुलगी पुण्याहून सुटीला आली की बॅग ठेवायच्या आधी बाबांचा नंबर विचारायची. मला सांगायला लाज वाटते, पण मी एकदा संध्याकाळी सव्वासातला लिफ्टपाशी उभा राहून म्हात्रेशेठना म्हणालो होतो, "आम्ही सातवर आलो." आणि शेठनी, ज्यांचे पनवेल तालुक्यात किती गाळे आहेत ते त्यांनाही सांगता येत नाही, पडलेल्या चेहऱ्यानं विचारलं होतं, "कसं काय केलंत?"

सात ते आठ लिफ्टपाशी बाजार भरायचा. कुणी म्हणे, काल आमच्याकडे पाहुणे होते, त्यांच्या कोंबड्या आमच्या नावावर का? काका म्हणत, जाताना त्यांनी नेल्या नाहीत. कुणी म्हणे, आम्ही आठवडाभर गावाला होतो तरी दोन कशा? काका म्हणत, तुमचा फ्रीज नव्हता गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी तर एकदा सगळा गुणाकार पुन्हा करून दाखवला होता, आणि चूक स्वतःचीच निघाल्यावर पाव तास काकांवर रागावले होते. काका मधोमध उभे असत, हात मागे बांधून, एकेकाला उत्तर देत. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते फळा लिहून मोकळे होत, आणि शनिवारी फळा कोरा. शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. पहिल्यांदा मी विचारलं होतं, शनिवारी धूर सुटत नाही का? ते म्हणाले, "सुटतो. पण शनिवारचा हिशोब वर होतो. माझ्याहून चांगला होतो."

हसत, भांडत का होईना, पाचाच्या आसपास असणारी इमारत चार म्हशींवर आली होती.

आणि मग मार्चच्या मध्यापासून फळ्यावर एक गंमत दिसायला लागली. मानाच्या तिनात पहिला नंबर, तीनशे चार. बारा कोंबड्या. दुसऱ्या दिवशीही बारा. तिसऱ्या दिवशी साडेबारा.

तीनशे चारमध्ये सालोमनकाका राहतात. एकटे.

पहिले दोन-तीन दिवस आम्हाला वाटलं मीटर बिघडला. मग वाटलं म्हातारपणी माणूस एसीच्या नादाला लागला. मग मात्र सगळ्यांना चेवच आला. इतके दिवस ज्यानं आपल्या फ्रीजमागे हात घातला, तोच सापडला होता. पोरं काकांना बघून पंख फडफडवायची. मीही सोडलं नाही. "काका, दिव्याखाली अंधार," मी म्हणालो. काका फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले. "आकडा आहे, सेक्रेटरी." एवढंच. वैयक्तिकचं त्या दिवशी काही म्हणाले नाहीत.

मे महिन्यात प्रकरण हातघाईवर आलं. म्हात्रेशेठनी त्यांच्या सहापैकी एक फ्लॅट विकायला काढला होता. एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. चांगलं घाटकोपरचं गिऱ्हाईक, शाकाहारी. त्यानं लिफ्टपाशी फळा वाचला आणि एजंटला विचारलं की तबेला तळमजल्यावर आहे की गच्चीवर. गिऱ्हाईक वर न जाताच परत गेलं. शेठनी त्याच संध्याकाळी मला विशेष सभेची नोटीस काढायला लावली. विषय एकच, फळा काढून टाकणे आणि मीटररूमची किल्ली सेक्रेटरींकडे जमा करणे.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवार असूनही, काका अकराव्या मजल्यावर आले. शब्बाथला लिफ्टचं बटण दाबत नाहीत म्हणून जिन्यानं. धाप लागलेली. मंजिरीनं पाणी दिलं, ते प्यायले, आणि फ्रीजकडे बघितलंसुद्धा नाही.

"सेक्रेटरी, एक बोलायचं होतं. कोंबड्या काढतो. म्हशीही काढतो. परत किलो लिहितो, बारीक अक्षरात. पण फळा राहू दे."

या माणसानं तीन वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "बघू, काका." हे दोन शब्द मी सेक्रेटरी झाल्यापासून शिकलो आहे. त्यांचा अर्थ काहीच होत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. म्हात्रेशेठ तयारीनं आले होते.

"काका, तुमच्याबद्दल आमाला आदर हाय. पन एक सांगा. बोर्डावर पयला नंबर कोनाचा?"

"तीनशे चार."

"म्हंजे कोनाचा?"

"माझा."

"तुमी घरात एकटे. बारा कोंबड्या एकटा मानूस करतो कसा? आमी सात जनं रातो, आमच्या नऊ. दुसऱ्याला सांगता एसी बंद करा, आनि सोताच्या घरात काय, बर्फाचा कारखाना हाय?"

पार्किंग हसलं. मीही हसलो, कारण सेक्रेटरीला सभेबरोबर राहावं लागतं. मागच्या रांगेत एक बाई उठून उभ्या राहिल्या. वर्षभरापूर्वी भाड्यानं आलेल्या, कुणात फारशा न मिसळणाऱ्या. त्या काहीतरी म्हणणार एवढ्यात काकांचा आवाज चढला. काकांचा चढलेला आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"ज्यांचा नंबर तिनात नाही त्यांनी मध्ये बोलू नये. खाली बसा, बाई." मग ते शेठकडे वळले. "मला उकाडा सहन होत नाही. चोवीस तास एसी लागतो. वय झालं."

"मंग संपलं," शेठ म्हणाले. "ज्याला सोताच्या कोंबड्या डालता येत नाय, त्यानं दुसऱ्याच्या मोजू नये."

मतदान झालं. फळा काढायच्या बाजूनं हात वर. माझा हात कुठे होता? मी तो वर केला होता, पण अर्धा, डोकं खाजवायला म्हणूनही चालेल असा. शेठनी तो पूर्ण धरला. काका सभा संपेपर्यंत बसून राहिले, आभार मानले गेले तेव्हा टाळ्याही वाजवल्या, आणि गेले.

सोमवारी संध्याकाळी पावणेसातला मी मीटररूमची किल्ली घ्यायला तीनशे चारची बेल वाजवली. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. तेच नेहमी आपल्याकडे यायचे. मनाशी ठरवलं होतं, दारातूनच किल्ली घ्यायची, दोन गोड शब्द बोलायचे आणि सटकायचं. गार हवेचा झोत अंगावर येईल म्हणून रुमालही काढून ठेवला होता.

दार उघडलं आणि आतून मेचा दमट, तापलेला वारा आला. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. छताला एक पंखा, तोही दोनवर. भिंतीवर त्यांच्या दिवंगत पत्नीचा, रेबेकाकाकूंचा फोटो, इस्रायलात अश्दोदला असलेल्या मुलीचा आणि नातवंडांचा फोटो. एसी नव्हता. मी आतल्या खोलीत डोकावलो, तिथेही नव्हता. जिथे एसीचं भोक असतं तिथे काकांनी पुठ्ठा चिकटवून चिमणीच्या घरट्याला जागा करून दिली होती.

"काका, एसी कुठे आहे?"

"किल्ली हवी ना तुम्हाला? देतो."

"बारा कोंबड्या कुणाच्या?"

त्यांनी बराच वेळ किल्ली शोधली. ती टेबलावर समोरच होती.

"सहाशे दोन," ते शेवटी म्हणाले. (फ्लॅटचा हा नंबर मी इथे बदलून लिहितो आहे. बाकी काही बदललेलं नाही.) "मार्चमध्ये त्यांचं नाव सलग सहा दिवस पहिलं आलं. मी नेहमीसारखा गेलो. फ्रीजचं रबर बघायला. आत, काल सभेत उठल्या त्या बाईंचा नवरा आहे. फुप्फुसं गेलीत. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालतं, खोली थंड ठेवावी लागते. मी गेलो तेव्हा एसी बंद होता. खिडकीला ओली चादर लावली होती, आणि ती बाई वहीनं वारा घालत होती. नवरा घामानं भिजलेला. मला बघून म्हणाली, ‘काका, आज सकाळपासून बंद ठेवलाय. उद्या आमचा नंबर खाली जाईल ना? मुलाला शाळेच्या बसमध्ये कोंबडीवाला म्हणतात.’"

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि गेली.

"मी एसी चालू केला. माझ्या हातानं. तेहतीस वर्षं चिमणीचे आकडे लिहिले, सेक्रेटरी, कधी एक इकडचा तिकडे केला नाही. चिमणीला घाम येत नाही." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "नुसतं नाव गाळलं असतं तर वहीत खड्डा दिसला असता. मास्तर आहेत तपासायला. म्हणून अदलाबदल केली. माझ्या दोन त्यांच्याकडे, त्यांच्या बारा माझ्याकडे. बेरजेत एका ग्रॅमचा फरक नाही हं. इमारतीचा धूर खरा तेवढाच. फक्त दारं बदलली."

मी म्हणालो की हे मी सभेत सांगतो, उद्याच्या उद्या पुन्हा मतदान घेतो, शेठना मीच सांगतो.

"काय सांगणार? कोण आजारी आहे ते? ती बाई कुणाला कळू देत नाही, घरमालक घर खाली करायला लावेल म्हणून. तुम्ही सांगितलंत तर मी फळा कशासाठी घालवला?"

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी उठलो. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"बसा की जरा. सात वाजले."

मी बसलो.

"धूर निमित्त आहे असं समजू नका. धूर खरा आहे. पण तो काही बोलत नाही. ही संध्याकाळची सात ते आठची वेळ..." ते खिडकीकडे बघत राहिले. "रेबेका गेली, मुलगी तिकडे. पनवेलच्या आळीतली आमची माणसंही बहुतेक तिकडेच. शनिवारी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमायचीसुद्धा मारामार. काल सभा झाली आणि संध्याकाळी सातला मी नवा शर्ट घालून बसलो. सवयीनं. मग काढून ठेवला."

माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ पॅंटमध्ये उतरत होता. पंखा दोनवर फिरत होता.

"नुसते काय बसलात, सेक्रेटरी," काका म्हणाले. "भांडा की."

भांडणाचा माझा अनुभव मोठा आहे, पण सगळा हरण्याचा. मी डोकं खाजवलं. मग म्हणालो, "काका, तुमच्या हिशोबात एक भोक आहे. तुम्ही सांगता लिफ्ट नको, जिन्यानं चढा. पण जिना चढताना माणूस धापा टाकतो. श्वासातून तोच वायू बाहेर पडतो. तो तुम्ही कुठे धरलाय?"

काकांची मान हळूहळू वळली. चष्मा नाकावर आला. त्यांनी वर्तमानपत्राचा एक कोरा समास समोर ओढला आणि पेन्सिलीला टोक आहे का ते अंगठ्यानं बघितलं.

"किती मजले?"

"अकरा."

"वजन?"

मी वजन सांगितलं. पेन्सिल कागदावर टेकता टेकता थांबली.

"खरं सांगा."

मी खरं सांगितलं.